चौथ्या पाटातले मासे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा वाहत्या पाण्याच्या पाटांत मासे वाढवणे, पूर्ण शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र लिहिते. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. माझ्या मुलाला त्याबद्दल शंका होती, म्हणून दाखल्याची एक जादा प्रत खास त्याच्यासाठी जोडली आहे. मला कोणीही भरीस घातलेले नाही. माझ्यापुढे तेवढी हिंमत कोणाची नाही.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव मुलाला द्यावी. त्याने मत्स्यपालनाचे सहा आठवडे शिक्षण घेतले, प्रमाणपत्र भिंतीवर लावले आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणले. बूट अजून कोरडे आहेत. पाट बुजवून तिथे हिरवळ करायची आणि लोकांना चहा पाजायचा, असा त्याचा बेत आहे. "आई, पाणी नुसतंच वाहून जातं गं," असे तो मला समजावतो. त्या वाहून जाणाऱ्या पाण्यावरच तो लहानाचा मोठा झाला, हे त्या सहा आठवड्यांत कोणी सांगितले नसावे.

२. खाद्यविक्रेत्याला काहीही देऊ नये. बारा वर्षे तो मला ओलसर खाद्य "आजच आलंय" म्हणून देत आला. साक्षीदार म्हणून मात्र त्यालाच बोलावले आहे, म्हणजे हे कलम त्याला माझ्यासमोर बसून वाचावे लागेल.

३. चारही पाट, वरचे पाण्याचे दार, जाळ्या आणि बोटुकलीच्या, म्हणजे बोटभर पिल्लांच्या, टाक्या माझ्या भाचीला द्याव्यात. ती दोन वर्षे माझ्याकडे कामाला आहे. तिच्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, खिजवायलाच मी तिला ठेवली होती. पण पोरगी आधी पाण्यात हात घालते, मासे बघते आणि मगच बादली उचलते. मी तिला एकदाही शाबासकी दिलेली नाही. ही ती समजावी.

४. आता जुने प्रकरण. ही जमीन वडिलांनी आम्हा दोघी बहिणींना दिली. धाकटी वरचे दार सांभाळायची, मी मासे. एकतीस वर्षांपूर्वी दाराच्या फळ्या कुजल्या. त्या बदलताना चारही पाटांतले पाणी काही वेळ कमी होणार होते. कमी पाण्यात उपाशी मासा तग धरतो, पोट भरलेला गुदमरतो. धाकटीने आदल्या दिवशी येऊन सांगितले, "ताई, उद्या सकाळी फळ्या बदलते. खाद्य टाकू नकोस."

धाकटीने मला मासे शिकवावेत? मी सकाळी बादली भरली. पहिला पाट, दुसरा, तिसरा. चौथ्यापाशी बादली रिकामी झाली.

दुपारपर्यंत तीन पाटांतले मासे पांढरी पोटे वर करून जाळीला लागले. मी सगळ्यांदेखत धाकटीवर खापर फोडले. "पाणी तोडलंस! माझे मासे मारलेस!" तिच्या हातात अजून हातोडी होती. माझे यजमान चौथ्या पाटापाशी उभे होते. म्हणाले, "अगं, हे तर जिवंत आहेत." मी म्हटले, "तुम्ही गप्प बसा." ते मरेपर्यंत गप्प बसले. इतका ऐकणारा नवरा कोणाला मिळू नये.

धाकटीने आपला हिस्सा माझ्या नावे करून दिला आणि ओढ्यापलीकडे जाऊन शिवणकाम सुरू केले. त्यानंतर आम्ही बोललो नाही.

मुलाला, खाद्यविक्रेत्याला आणि तपासणीला येणाऱ्या प्रत्येक साहेबाला मी जन्मभर मूर्ख म्हणत आले. त्यांच्यापैकी एकाचीही मजल माझ्यापर्यंत गेली नाही. मासे मी मारले. मला त्याची लाज वाटते.

५. पाट धाकटीलाच परत देणार होते. पण मग हे तिला मी मेल्यावर कळले असते, आणि मेलेलीला तोंडावर चार शब्द सुनावता येत नाहीत. वकिलांना विचारले. म्हणाले, "साक्षीदार करा, म्हणजे आत्ताच वाचतील. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही." म्हणून पाट भाचीला आणि साक्ष धाकटीची. ती आली नाही तर दुसऱ्या कोणाची सही घेऊ नये. मग हा कागद रद्दी, पाट मुलाचे, आणि त्यावर हिरवळ. माझ्या तोंडाची तेवढी किंमत मी मोजायला तयार आहे.

ठिकाण: पाटांशेजारची खाद्याची खोली.
दिनांक: १७ नोव्हेंबर.
लिहून देणार: सही.

साक्षीदार पहिला, खाद्यविक्रेता: सही. (कलम दोन मान्य नाही. खाद्य कोरडेच होते.)

साक्षीदार दुसरी, धाकटी बहीण: सही. सगळं वाचलं. चौथा पाट मी त्याच दिवशी पाहिला होता. ताई, येताना दार बघितलं, फळ्या परत कुजल्यात. उद्या सकाळी बदलते. खाद्य टाकू नकोस.