खाणीचं दुसरं तोंड

कोमिरताऊ, ३ जून

ती. कामशातताईंना,
रायखानचा सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेले कुर्तचे सुक्या दह्याचे गोळे आणि लोकरीचे मोजे पोचले. जूनमध्ये लोकरीचे मोजे पाहून अकबोता हसली. पोर बऱ्याच महिन्यांनी हसली, तेव्हा मोजे आत्ता आले तेच बरं झालं.

आमच्या बालवाचनालयात सध्या उन्हाळी वाचनाची गडबड आहे. दरवर्षी जिल्ह्याहून एक विषय येतो आणि मुलांनी सुट्टीत काय वाचावं ते आम्ही वयाप्रमाणे निवडून भिंतीवर लावतो. गेल्या वर्षी पक्षी होते. यंदा विषय आला आहे ‘जमिनीखाली’. ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आमचं खाणीचं गाव नसणार. मुख्य बाईंनी कागद माझ्यापुढे ठेवला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या की तुला नको असेल तर यंदा मी करते. मी म्हटलं, मीच करते. इथल्या निम्म्या मुलांचे बाप रोज खाली उतरतात. तो शब्द भिंतीवर वाचून मुलांनी दचकू नये, एवढं मला जमेल असं वाटलं.

अगदी लहानांसाठी हिवाळाभर बिळात झोपणाऱ्या खारीचं चित्रांचं पुस्तक काढलं, आणि मुंग्यांचं एक. मधल्या वयाला हरवलेलं कोकरू शोधत गुहेत शिरणाऱ्या भावंडांची गोष्ट, आणि डोंगराच्या पोटात शहर सापडतं ती. मोठ्या मुलांसाठी गुहा धुंडाळणाऱ्यांच्या आठवणी, आणि जुन्या काळची झाडं दबून त्यांचा कोळसा कसा होतो ते सांगणारं एक जाडजूड पुस्तक. हे कोणी नेणार नाही असं आम्ही बोलत होतो, तर अकबोतानेच ते आधी नेलं. गेल्या सप्टेंबरपासून तिने पुस्तकाला हात लावला नव्हता. आता जेवताना मिटून ठेव म्हणून सांगावं लागतं. मी सांगते खरी, पण मनातून मला बरं वाटतं.

ह्यांना जाऊन येत्या सप्टेंबरात वर्ष होईल. आग विझवायला खाणीचा तो भाग पाण्याने भरून बंद केला, तो तसाच आहे. कधी उघडणार ते विचारायला जाणं मी सोडून दिलं. दर शुक्रवारी ह्यांच्यासाठी सात शेल्पेक तळते. पोळी मोडली तरी चालेल पण तेल चांगलं तापू दे, गेलेल्या माणसापर्यंत घास जात नाही, तेलाचा वास जातो, असं तुम्ही सांगितलं होतं. तसंच करते. शेजारीपाजारी वाटायला अकबोता जाते.

तुमची माया आमच्यावर आहे. तिच्यावरच आमचं चाललं आहे.

आपली,
रायखान


तासबुलाक, १४ जून

चि. रायखान हिला,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र इतकं नीटनेटकं असतं की फोडण्याआधी हात धुवावेसे वाटतात. माझं अक्षर घोडीने लिहिल्यासारखं, ते चालवून घे. घोडीवरून आठवलं, आपली करडी व्याली. शिंगरू कपाळावर पांढरं आहे आणि मला अजिबात भीत नाही. या गावात मला न भिणारं ते एकटंच.

इथल्या शाळेतल्या मुलांसाठीही तुमच्या त्या भिंतीवरची नावं उतरवून पाठव. मास्तर म्हणतात की पोरांना उन्हाळ्यात गवत कापायचं असतं, वाचायला कोण बसतंय. मी म्हटलं, दुपारी गंजीच्या सावलीत तुम्ही घोरता तेव्हा ती वाचतील. माझ्यासाठीही एखादं पाठव. अक्षर मोठं हवं आणि मुंग्या नकोत, त्या घरात पुष्कळ आहेत.

आता मुद्द्याचं. मुखितचा दगड घडवून झाला. आपल्या आबांच्या शेजारी उभा करायचा. त्याच्याखाली कोणी नाही हे मलाही कळतं. पण मला कुठेतरी जाऊन बसायला हवं गं. धाकटा भाऊ होता, मी त्याला पाठीवर घेऊन फिरले. सप्टेंबरात वर्षाचं जेवण घालू तेव्हाच दगडही उभा करू. तू आणि अकबोता दोघी या. पोरीने फार धीराने घेतलं. तू तिला कसं सांगितलंस देव जाणे, मला विचारायचाही धीर झाला नाही.

तुझ्यावर आमचा जीव आहे, तो कमी होण्यासारखं काही करू नकोस. म्हणजे वेळेवर जेवत जा.

तुझी,
कामशात


कोमिरताऊ, २५ जून

प्रिय आत्याला,
अकबोताचा नमस्कार.

तू आईला पाठवलेलं पत्र टेबलावर होतं, मी वाचलं. वाचायला नको होतं, पण वाचलं. शिंगराचं नाव मी येईपर्यंत ठेवू नका.

आत्या, तो दगड उभा करू नकोस. बाबा परत आले आणि त्यांनी आपल्याच नावाचा दगड पाहिला तर किती चिडतील! तुला त्यांचा स्वभाव माहीत आहे.

आईने लावलेली जवळजवळ सगळी पुस्तकं मी वाचली. मोठ्या मुलांची पण वाचली. आत शिरायची वाट बंद झाली की सगळे घाबरतात, पण दुसरं तोंड असतंच. आधी ते कोणालाच माहीत नसतं. पाणी आलं तर माणसं वरच्या कपारीत चढून बसतात आणि दगडावरून ठिबकणारं पाणी पितात. वेळ लागतो फक्त. एका गोष्टीत तर आत गेलेला माणूस दाढी पांढरी होऊन बाहेर येतो, आणि त्याची बायको त्याला चालण्यावरून ओळखते.

आपल्या खाणीलाही दुसरं तोंड आहे. मातीच्या ढिगामागे खाणीत हवा सोडायची जुनी विहीर आहे, तिच्यावर लोखंडी जाळी आहे. मी दर शुक्रवारी एक शेल्पेक तिथे ठेवते. पुढच्या शुक्रवारी जाते तेव्हा तो नसतो. आईला सांगू नकोस हं. ती उगाच रोज दार उघडं ठेवून बसेल आणि तिला सर्दी होईल.

शाळेत मुली म्हणतात की तुझे बाबा गेले. मी त्यांना म्हटलं, असं कोणीही उठून म्हणायचं नसतं. आमच्याकडे घरातलं मोठं माणूस समोर बसवून सांगतं. आजोबांच्या वेळी तूच मला तसं सांगितलं होतंस. या वेळी मला कोणीच बसवून सांगितलेलं नाही. म्हणजे तसं झालेलं नाही.

माझ्यावर रागावू नकोस, मला नेहमीसारखी लाडकी राहू दे.

तुझी,
अकबोता


तासबुलाक, ४ जुलै

चि. रायखानला,
आशीर्वाद.

सोबत पोरीचं पत्र ठेवलं आहे. आईला सांगू नकोस असं तिने बजावलं आहे, तरी पाठवते. आधी ते वाच, मग माझं.

आता मला खरं सांग. अपघाताच्या दिवशी तू तिला गाडीत बसवून माझ्याकडे पाठवलंस. मी तिला सांगितलं की खाणीत अपघात झाला आहे, बाबांना शोधायला माणसं उतरली आहेत. त्या दिवशी ते खरंच होतं. मग तार आली की तो भाग बंद केला. इथे बायका रडल्या, पुरुष येऊन बसले. पोर त्या सगळ्यांत बसून सगळ्यांची तोंडं बघत होती. मी दोनदा तिला जवळ घेतलं आणि दोन्ही वेळा तिच्या वेण्या घालून उठले. मनाशी म्हटलं, आईने सांगितलेलं बरं, पोटच्या पोरीला कसं धरायचं ते तिला कळेल. चाळिसाव्या दिवसाचं जेवण झाल्यावर तिला भाकरी बांधून दिली आणि तुझ्याकडे पाठवली.

तू सांगितलंस ना? रायखान, तू तिला काय सांगितलंस?

उत्तर लगेच धाड. बाकी सगळं आहे तसं आहे.

कामशात


कोमिरताऊ, ११ जुलै

ती. कामशातताईंना,
सा. न. वि. वि.

मी काहीच सांगितलं नाही. मला वाटलं, तुम्ही सांगितलं. हे वडिलांकडच्या मोठ्यांनी सांगायचं असतं, घरच्या सुनेने तिथे तोंड घालू नये, असंच मी या घरात आल्यापासून पाहिलं आहे. अकबोता गाडीतून उतरली ती शांत होती. मला मिठी मारली आणि काही विचारलं नाही. मी म्हटलं, हिला सांगून झालेलं आहे, आणि मला त्रास नको म्हणून ही गप्प आहे. मीही गप्प राहिले. ह्यांच्या चपला तिने दाराशी नीट जोडून ठेवल्या, रोज पुसते. आठवणीसाठी करत असेल असं मला वाटायचं.

शेल्पेकचंही कळायला हवं होतं. शेजारच्या फ्रीदा आजींनी मागे हसत हसत विचारलं होतं की मी काही चुकले का, बर्फ वितळल्यापासून माझ्या वाट्याचा आला नाही. मी म्हटलं, पोर विसरली असेल.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी वाचनालयात बसून भिंतीवरचं एकेक पुस्तक काढलं आणि नुसती शेवटची पानं वाचली. सगळे बाहेर येतात, ताई. खार बाहेर येते, भावंडं कोकरू घेऊन येतात, गुहेत अडकलेले येतात. एकही जण आत राहत नाही. मुलांना भीती वाटू नये म्हणून मी मुद्दाम तशी निवडली होती. ज्यात कोणी परत येत नाही अशी दोन पुस्तकं हातात आली होती, ती मी परत कपाटात सारली.

तुम्ही या, नाहीतर तुमच्या गावातल्या वडीलधाऱ्या आबिशकाकांना पाठवा. त्यांना मरणाची बातमी सांगता येते. मी रोज बोलायला म्हणून तिच्यासमोर बसते आणि तिला जेवायला वाढून उठते.

माझ्यावरची माया कमी झाली असली तरी मी समजून घेईन.

आपली,
रायखान


तासबुलाक, १८ जुलै

चि. रायखान,
पोटभर आशीर्वाद.

वेड्यासारखं काहीतरी लिहू नकोस. माया कमी करायची तर आधी माझ्यावरची कर. मी मोठी होते.

आबिशकाकांकडे गेले होते. त्यांचे गुडघे पार गेलेत, खाटेवरून उठवत नाही, घरातल्या सगळ्यांना शिव्या देत पडून असतात. तुझं पत्र वाचून दाखवलं.  मग म्हणाले की आमच्यासारखा म्हातारा लागतो तो अशासाठी की घरच्याचा आवाज फुटतो. फुटू दे म्हणावं. पोरीला तो ऐकू येऊ दे.

आणि मी सांगते. हे काम आमच्या घरचं होतं आणि ते माझ्याने झालं नाही. आता मी ते तुला देते. कोणाच्या मानाचा विचार करू नकोस, कोणी विचारलं तर माझं नाव सांग. काका सांगतात ते गरुडाच्या तुटलेल्या पंखापासून सुरू करून वळणावळणाने येतात. तू तसं करू नकोस. त्या पोरीला गोष्टी फार झाल्या. सरळ सांग.

पुस्तकांना बोल लावू नकोस. ती इतर पोरांसाठी होती आणि त्यांच्यासाठी ठीकच आहेत.

इथून मी तुझ्याजवळच आहे असं धर.

कामशात


कोमिरताऊ, २ ऑगस्ट

ती. कामशातताईंना,
रायखानचा सा. न. वि. वि.

सांगितलं.

गेल्या शुक्रवारी तळून झाल्यावर अकबोताला म्हटलं की आज मीही येते, तुझ्या त्या विहिरीपर्यंत. तिचा चेहरा उतरला. वाटेत एवढंच म्हणाली की आत्याच्या पोटात काही राहत नाही. मी म्हटलं, खरं आहे. ढिगामागे वारा फार होता. तिने पोळी रुमालातून काढली, घडी केली आणि जाळीच्या कोपऱ्यात नीट खोचली, उडू नये अशी. ते तिला सवयीने येतं हे बघून मला पुढे बोलवेना. पण तुमचं पत्र खिशात होतं.

तिथे एक मोडकी कोळशाची गाडी उलटी पडली आहे. तिच्यावर तिला बसवलं आणि समोर जमिनीवर मी बसले. सांगितलं की तुझे बाबा वारले. अपघात झाला त्याच दिवशी वारले. ते आत चालत नाहीत, वाट बघत नाहीत. या विहिरीतून त्यांच्यापर्यंत वाट नाही, दुसरीकडूनही नाही. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं आणि आम्ही मोठ्यांनी ते एकमेकींवर टाकलं. काका म्हणाले तसा आवाज फुटला. मी थांबले नाही.

ती रडली नाही. आधी विचारलं की मग पोळी कोण खात होतं. मी म्हटलं, कोल्हा असेल, कावळे असतील.  मग विचारलं की त्याच दिवशी म्हणजे अगदी त्याच दिवशी ना, म्हणजे त्यांना इतके दिवस भूक लागली नाही ना. मी म्हटलं, नाही लागली. मग ती रडली. वर्षभर तिच्यासमोर रडले नव्हते, ती मीही रडले. खूप वेळाने आम्ही घरी आलो. पोळी तिने काढली नाही. म्हणाली, असू दे कोल्ह्याला.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं की भिंतीवरची ती पुस्तकं मी काढून टाकते. ती नको म्हणाली. लहान मुलांच्या गोष्टीत सगळ्यांनी बाहेरच यायला हवं, असं तिचं म्हणणं पडलं. मोठ्यांमध्ये मात्र ती कपाटात ठेवलेली दोन लाव म्हणाली. लावली. एक तिनेच घरी आणलं आहे, अजून उघडलेलं नाही.

सप्टेंबरात आम्ही दोघी येतो. दगड उभा करताना एका बाजूने आपण हात लावणार, असं तिने तुम्हाला कळवायला सांगितलं आहे. शिंगराच्या नावाचा हट्ट अजून आहे. ह्यांच्या चपला मी उचलल्या नाहीत. तिला वाटेल तेव्हा ती उचलेल.

तुमची माया आम्हा दोघींना पुरून उरली. ती अशीच असावी.

आपली,
रायखान

ता. क. पत्र पाकिटात घालायचं राहिलं होतं म्हणून लिहिते. आज शुक्रवार. कणीक तिने मळली, माझ्यापेक्षा सैल झाली. आज पहिला शेल्पेक फ्रीदा आजींना, असं तिने आधीच सांगून ठेवलं. तेल तापल्यावर तिने विचारलं की वास एवढ्या खोल जातो का, पाणी आहे तरी. मी म्हटलं, जातो. तिने आच जरा वाढवली.