कडेची चार बोटं

१९ जून, गुरुवार

प्रिय दादा,

सकाळी बाबांची चाकाची खुर्ची भाड्याच्या दुकानात परत दिली. दुपारी त्यांच्या खोलीचे पडदे धुतले. मग आत्याचा फोन आला. तिला तुझं पुस्तक मिळालं.

बाबांचे फोटो तू मागितलेस तेव्हा मला बरं वाटलं होतं. नर्सबाईंनी काढलेले सगळेच्या सगळे पाठवले. फोटोंचं पुस्तक छापून घरपोच देणारी ती ऑनलाइन कंपनी, तिच्याकडे तू ते दिलेस आणि संपर्कासाठी नंबर लिहिलास माझा. सवयच तुझी. दवाखाना, औषधवाला, गॅसवाला, बाबांची कुठलीही कटकट असो, नंबर माझा.

म्हणून छपाईआधी कंपनीतल्या मुलीचा फोन मलाच आला. म्हणाली, काका, आजोबांच्या खुर्चीमागे कुणाची तरी चार बोटं राहिलीत, पुसून टाकू का, पान स्वच्छ दिसेल. मी पुस्तक बघायला मागितलं. खुर्ची मी ढकलत होतो, तू मला बोटांपाशी कापलंस. बाकी पानांवर तर बोटंही नाहीत. मुखपृष्ठावर तू बाबांना घास भरवतोयस, खाली ओळ, ‘शेवटपर्यंत त्यांच्या उशाशी’. त्यांच्या सगळ्या आजारपणात तू आलास तो एवढा एकच दिवस.

मला भांडता येत नाही. लहानपणीही मारायचास तू आणि रडतो म्हणून ओरडा मी खायचो. मी त्या मुलीला एवढंच विचारलं, कापलेलं परत येतं का? ती हसली. अहो काका, ते कुठे जात नाही, चौकटीबाहेर असतं, ओढलं की आत येतं. मग सगळ्या पानांवर ओढा, मी म्हटलं. बघा हं, मुखपृष्ठावर पसारा दिसेल, ती म्हणाली. दिसू दे, म्हटलं.

आता तिथे तू पुरता दिसतोस. पायात बूट, खांद्याला बॅग, मागे दारात टॅक्सीवाला घड्याळ बघतोय. ओळ मात्र तुझीच ठेवली, एक अक्षर हलवलं नाही.

आत्याने विचारलं, काय रे, दादा बूट घालून उशाशी बसायचा का? मामांकडे, तुझ्या सासरी, तुझ्या साहेबांकडे, तू दिलेल्या सगळ्या पत्त्यांवर पुस्तकं पोचली असतील. तू फोन करशील आणि मी उचलणार नाही, म्हणून हे पत्र. त्या मुलीवर चिडू नकोस, तिने विचारूनच केलं. मी जाणूनबुजून केलं, आणि पुस्तकं रवाना झाल्याचं कळलं त्या रात्री, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा, मला शांत झोप लागली. यापुढे माझा नंबर कुठे देऊ नकोस.

खुर्चीच्या चाकांचे काळे पट्टे फरशीवर राहिलेत. बादली भरून ठेवली आहे. आता पुसायला बसतो.

तुझाच,
धाकटा