वैजूचा खल

यशवंतपूर, बेंगळुरू

चि. सौ. सुनंदास अक्काचे अनेक आशीर्वाद. भाऊजींचा खोकला कसा आहे?

तुझी वैजू बरी आहे, जरा वाळलीय. तिला घरी आण म्हणालीस, म्हणून तिच्या लॅबमध्ये गेले. पीएचडी झालेली पोरगी दोन-दोन तास खलात पूड घोटते! चटणी वाटायला पळणारी ही! मग ती पूड नऊशे अंशांच्या भट्टीत. बॅटरीसाठी नवा पदार्थ करायचाय. अकरा वेळा फसला.

काल बारावा घाणा भट्टीतून काढला. पांढरी गेलेली पूड काळीभोर होऊन आली गं! वैजूनं तपासली, तर तीही फसलेली. म्हटलं, "चल आता घरी."

"मावशी, स्वल्प थांब," थोडं म्हणायचं तर इथल्या कानडीत म्हणाली आणि तेरावा घोटायला बसली.

मग तासभर मीच खल धरला. मनगट दुखतंय, म्हणून अक्षर वाकडं आलंय.

परत एकटीच येते.

तुझी,
अक्का