तातडीचे, सर्वांनी वाचावे

आबा, तुम्ही गेलात तेव्हा आपल्या वस्तीवर एकही फोन नव्हता. आता प्रत्येकाच्या खिशात एक आहे आणि तो दिवसभर कोकलत असतो. माणूस कोकलला तर एक वेळ समजू शकतं, पण यातलं कोकलणारं माणूसच नव्हे. भाकरी तव्यावर टाकली की टुंग. काय? तर साड्यांवरची सूट संपत आली. भाकरी उलटली की परत टुंग. ‘आम्हाला तुमची आठवण येते.’ कोणाला येते? तर नातीनं सुट्टीत माझ्या फोनात टाकून ठेवलेल्या एका खेळाला. मेल्या, तुझी माझी ओळख काय नि आठवण कसली! त्यानंतर ‘धक्कादायक! पाहून थक्क व्हाल.’ पिठाच्या हातानं उघडून बघावं तर कुठल्याशा नटीनं नवी गाडी घेतलेली. हे मला कळवायला एवढी घाई.

तुमच्याकडं तीन सेलची बॅटरी होती. बटण दाबलं की उजेड, विषय संपला. माझ्या फोनातली बॅटरी आधी जाहिरात दाखवायची, मग उजेड द्यायची. गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात एकदा काहीतरी सळसळलं म्हणून मी बटण दाबलं, तर समोर केसगळतीवरचं तेल. ते घालवायची फुली तिळाएवढी, तिच्यावर बोट ठेवावं तर जाहिरातच आणखी मोठी होऊन बसते. उजेड पडेपर्यंत साप होता की घूस, जे काय होतं ते कंटाळून निघून गेलं. असली अक्कल पाजळणाऱ्यांना म्हणे मोठमोठे पगार असतात.

शेवटी बारामतीची लेक आली तेव्हा तिनं शिकवलं. जे टुंग करतं त्याच्यावर बोट दाबून धरायचं, खाली ‘बंद करा’ असं येतं, ते करायचं. एवढं सोपं! दुपारभर ओसरीवर बसून मी एकेकाची मान मुरगळली. साड्या गेल्या, नटी गेली, खेळ मुळासकट उपटला, तेलवाली बॅटरी काढून फोनात मुळातच असलेली साधी बॅटरी लावली. काय गार वाटलं, आबा! मग मला चढलीच. जो भेटेल त्याचा फोन ओढून घ्यायचा आणि शहाणपण शिकवायचं. तात्यांनाही मीच शिकवलं. तुमचे जोडीदार तात्या, कालव्यातनं रानात पाणी आणणाऱ्या आपल्या चारीच्या अगदी शेवटाला ज्यांचं रान आहे, ते. ऐंशी ओलांडली, चष्मा नाकावर आलेला, पण बोट दाबून धरायला एका झटक्यात शिकले. मी म्हणाले, “तात्या, जे उगंच वरडतं त्याचं तोंड बंद करायचं. दयामाया दाखवायची न्हाय.” ते म्हणाले, “व्हय, हे ब्येस हाय.”

आता तुम्हाला हसू येईल असं एक सांगते. कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याची पोरगी आज पाणी वापर संस्थेची सचिव आहे. कालव्याचं आवर्तन सुटलं की कोणाची पाळी कधी, हे मी कळवते. तुम्ही कालव्याच्या कडेनं चालत येऊन चारीच्या तोंडाशी उभं राहायचात आणि हाक द्यायचात, “पाणी आलंऽऽ”. एकदाच. ज्याची पाळी तो बांधावर येऊन फावडं वर करायचा, मग तुम्ही दार उचलायचात. दुसरी हाक तुम्ही कधी मारली नाही, कोणाला ती लागलीही नाही. मी चालत जात नाही. मी ग्रुपवर टाकते. वर लिहिते, ‘तातडीचे, सर्वांनी वाचावे’.

या उन्हाळ्यात पाळी दोन दिवस आधी आली. वरून निरोप आल्याबरोबर मी ग्रुपवर टाकलं. सगळे आले, तात्या आले नाहीत. त्यांचा वीस गुंठे दोडका मांडवावर चढून फुलाला आलेला, विहिरीनं तळ गाठलेला, आमच्या बोअरला गुरांपुरतंच पाणी. चारी बंद झाली नि तिसऱ्या दिवशी, म्हणजे आधी ठरलेल्या पाळीला, तात्या खांद्यावर फावडं टाकून, पटका बांधून पाणी धरायला हजर. चारीत पाय बुडेल एवढंही पाणी नव्हतं, नुसता वाळत चाललेला गाळ. पुढचं पाणी महिन्याच्या पलीकडं. मी तावातावानं त्यांच्या बांधावर गेले. काय माणसं आहेत, हातातला फोन बघता येत नाही, असंच माझ्या मनात.

“तात्या, ग्रुपवर टाकलं हुतं की मी! बघायचं न्हाय का?”

त्यांनी कोपरीच्या खिशातनं फोन काढून माझ्यापुढं धरला. आमच्या ग्रुपच्या नावाशेजारी फुली मारलेली घंटा. तोंड बंद.

“हे कुणी केलं?”

“म्याच केलं. तूच शिकावलंस न्हवं? उगंच वरडंल त्याचं तोंड बंद करायचं.”

“अवो, पर हा पाण्याचा ग्रुप हाय!”

“हाय का?” असं म्हणून त्यांनी बोटानं तो ग्रुप वर वर सरकवत नेला. “बाय, तुझा आबा वरसातनं पाच-सा येळा हाक मारायचा. तू दिसातनं पाच-सा येळा तातडीचं म्हनतीस. मी त्यातलं कंचं धरू?”

मी वाचत गेले. तातडीचे, सभेची आठवण. तातडीचे, सभेची पुन्हा आठवण. तातडीचे, अध्यक्षसाहेबांचा वाढदिवस, सर्वांनी शुभेच्छा द्याव्यात. तातडीचे, झेंडावंदनाचे फोटो. तातडीचे, सभागृहाबाहेर एक चप्पल राहिली आहे. सगळं माझ्याच नावानं. नटीच्या गाडीत नि त्या चपलेत काय फरक होता, आबा? दुसऱ्यांना नावं ठेवत फिरणारी मी, तात्यांच्या खिशात बसून तेच करत होते.

आणि मला तो दिवस आठवला. मी नऊ वर्षांची आहे, तुम्ही कालव्यावर गेलाय, वस्तीवर सगळे जेवायला बसलेत. मी बांधावर चढते आणि तुमच्यासारखी मान वर करून ओरडते, “पाणी आलंऽऽ”. माणसं ताटावरून उठून पळतात. तात्या तोंडात घास, पाय अनवाणी, खांद्यावर फावडं. तुम्ही मला मारलं नाही. हाताला धरून घरोघर नेलंत आणि प्रत्येक दारात माझ्याच तोंडून वदवून घेतलंत, “पाणी आलं न्हाय, मी उगंच वरडले.” परतताना एवढंच म्हणालात, “हाक आपली न्हाय, पाण्याची हाय. पाणी न्हाय तर त्वांड उघडायचं न्हाय.” का ओरडलीस, हे तुम्ही विचारलं नाही. विचारलं असतंत तरी मी सांगितलं नसतं.

दोडका वाळला. तात्या मांडवाची सुतळी सोडून गुंडाळत होते तेव्हा मी सोबत बसून सोडू लागले. मला क्षमा मागता आली नाही. त्यानंतर ग्रुपवर मी पाळीशिवाय अक्षर टाकलेलं नाही. अध्यक्षसाहेब रुसले आहेत, खुशाल रुसू देत.

काल पाणी आलं. मी ग्रुपवर टाकलं आणि शिवाय चालत तात्यांच्या बांधावर गेले. हाक मारली, एकदाच. कोणी आलं नाही. दुसरी हाक अगदी ओठांवर आली होती, पण तोंड मिटून उभी राहिले. बऱ्याच वेळानं तात्या आले, फावडं वर केलं, मी त्यांच्या रानाकडचं दार उचललं.

हे पत्र मी कुठं टाकणार, आबा! वहीतच राहील. म्हणून तेव्हाचं राहिलेलं उत्तर लिहून टाकते. मी ओरडले, कारण तुमच्या एका हाकेवर माणसं कशी पळतात ते मला माझ्या हाकेवर बघायचं होतं. ग्रुपवर किती जणांनी वाचलं ते मी रोज मोजायची, तेही त्याचसाठी. काल तात्या चालत आले. ते पळत यावेत, असं मला कालही वाटलं.