न विचारता आवरलेली स्वयंपाकघरं

आई, तुला जाऊन अकरा वर्षं झाली आणि तुझ्या स्वयंपाकघराबद्दल तुझी माफी मागायला हवी होती हे मला आत्ता सुचतंय. उशीर करण्यात तुझ्या लेकीचा हात कोण धरणार! पण आधी इथलं सांगते, कारण इथे थोबाडीत बसली तेव्हा कुठे मला तिथलं कळलं.

दर शनिवारी सकाळी मी बिशानच्या माझ्या घरून निघते आणि चांगीच्या धक्क्यावरून होडीने पुलाउ उबीनला जाते. सिंगापूरच्या कडेचं बेट आहे, अजून खेडं शिल्लक असलेलं. बारा माणसं जमली की होडी सुटते. नऊच असली तर आणखी तिघांची वाट बघत गुमान बसायचं. तिथल्या जुन्या लाकडी घरांमधून आता म्हातारी माणसंच उरलीयत. आम्ही काही स्वयंसेवक त्यांची गटारं उपसतो, गवत कापतो, छपराचे पत्रे ठोकतो. आठवडाभर बँकेत एसीत बसणारी तुझी लेक गटार उपसते म्हटल्यावर तू पदर तोंडाला लावून हसली असतीस. पण मला आवडतं गं. दुपारपर्यंत कंबर मोडते आणि डोकं मात्र शांत होतं.

माझ्या वाटणीला एक मलाय आजी आली. सगळे तिला मकचिक म्हणतात, म्हणजे आपली मावशीच. नवरा गेलाय, मुलगी शहरात राहते, ही एकटी. एका शनिवारी ती तापाने पडली होती, तर म्हटलं, हिचं स्वयंपाकघर आवरून द्यावं. आपल्याकडे कुणी आजारी पडलं की आपण दुसरं काय करतो? ओटा पुसायचा, भांडी लख्ख घासायची, नासलंय ते टाकायचं. खिडकीत एक काचेची बाटली होती, आत गुलाबी गिच्च काहीतरी. झाकण उघडलं आणि असा भपकारा आला की बस! आपलं शाकाहारी नाक. मासळी कुजलीय असं ठरवून मी बाटली परसात नेऊन ओतली, वर माती लोटली, बाटली साबणाने धुऊन उन्हात पालथी घातली. आणि वर स्वतःवर खूश.

ते चिंचालोक होतं. जवळ्यात मीठ आणि भात घालून दिवसचे दिवस आंबवतात. दुसऱ्या दिवशी मुलगी जेवायला येणार, तिला आवडतं, म्हणून मकचिकने ताप येण्याआधी घालून ठेवलेलं. ती ओरडली नाही. बाटली हातात घेऊन पायरीवर बसली आणि तिच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली, “तुझ्या नाकाला कळलं नाही, ठीक आहे. पण तोंड होतं ना? मी तर आतच होते.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दिवसापासून मला तिचं स्वयंपाकघर बंद. दोन महिने मी निमूटपणे अंगणातलं गवत कापलं. चहा मिळायचा, कंडेन्स्ड मिल्कचा, गोडमिट्ट, पण पायरीवर. गेल्या शनिवारी तिने आत बोलावलं आणि छोटे कांदे सोलायला दिले. मी सुरी कुठे ठेवू विचारते, सालं कुठे टाकू विचारते, पाणी कुठलं घेऊ विचारते. शेवटी तीच वैतागली आणि हसायला लागली.

परतताना होडीत तू आठवलीस. तुझ्या त्या फ्लॅटमध्ये सुट्टीवर आलेली मी, आल्या दिवशी सुतार बोलावतेय. मांडणी भंगारात, डबे कामवालीला, ओट्याखाली चकाचक ट्रॉल्या. तू म्हणालीस, “अगं, मला सवय आहे याची.” मी म्हटलं, तू गप्प बस, तुला कळत नाही. जन्मभर तिथे स्वयंपाक केलेल्या बाईला मी हे म्हटलं! तुझे गुडघे दुखायचे आणि मी तुझी मोहरी जमिनीलगतच्या ट्रॉलीत नेऊन ठेवली. शेजारणींना तू कौतुकाने दाखवलंस सगळं. तू गेल्यावर कामवालीने मला सांगितलं, की तू रोजचे डबे ओट्यावरच मांडून ठेवायचीस आणि माझा व्हिडिओ कॉल यायची वेळ झाली की घाईघाईने उचलून आत लपवायचीस. तेव्हा मी त्यावर हसले होते गं. परवा होडीत रडले. शेजारच्या सायकलवाल्याने टिश्यूचं पाकीट पुढे केलं.

मकचिकची माफी मागता आली, कारण ती समोर पायरीवर बसलेली होती. हे कागद मात्र मी घडी करून माझ्यापाशीच ठेवणार. आणि माफीच मागायची तर पुरती मागते. ट्रॉल्या तुझ्यासाठी नव्हत्याच. त्या सुट्टीत मला तुला एक गोष्ट सांगायची होती आणि धीर होत नव्हता; घरात सुतार असले की तू आणि मी समोरासमोर बसत नव्हतो. निघताना दारात तू विचारलंस, “रिटायर झालीस की इकडेच येशील ना?” मी म्हटलं, “म्हणजे काय, येणारच.” तेव्हा मला सिंगापूरचा पासपोर्ट मिळून चार महिने झाले होते.