तिकाटण्यावरचा नारळ

आत्याबाई, तुमी जाऊन लई वरसं झाली आन तुमच्या सुनंला आता उकिरड्याचा नाद लागलाय. हसा पोट धरून. शेळगावात असताना सकाळच्या पारी शेणाची पाटी उचल म्हणलं की माझं पोट दुखायचं, डोकं दुखायचं, एकदा तर दाढ दुखती म्हणून सांगितलं, तवा तुमी म्हणला, "पाटी काय दाढंनं उचलायची हाय व्हय गं?" तीच मी आता बारामतीत, एमआयडीसीच्या अलीकडं तुमच्या नातवानं बांधलेल्या घराच्या मागं, चार हात जागंत वांग्याला खत करते. सकाळी पिशवी घेऊन निघते. टपरीवाला चहाचा चोथा ठिवतो, रसवंतीवर चिपाडं मिळत्यात, मळ्यातलं पाचट कुणी पेटवायच्या आत मी ओढून आणते. सगळं फुकट. फळाच्या गाड्यावरला बागवान सडकी पपई, केळीच्या साली बाजूला काढतो. पहिल्यांदा त्यानं इचारलं, "काकी, घरात म्हैस हाय का?" म्हणलं, "हाय की. दुधाच्या फॅक्टरीत कामाला जाती. तू म्हैस म्हणलास ते सांगते तिला." तवापासनं माझी सून दिसली की बिचारा दोन केळी जास्त टाकतो.

सून शिकल्याली हाय. फॅक्टरीत दूध तपासती. खताचं मला तिनंच सांगितलं, "आई, हिरवं एक पाटी तर वाळलं दोन पाट्या. घाण वास सुटला की समजायचं, वाळलं कमी पडलं." मी म्हणलं, "आमच्या आत्याबाईला वास आला की त्या समजायच्या, सून आळशी हाय." लई हसली. गुणाची हाय पोरगी. दोनदा पोटूशी राह्यली आन दोन्ही येळंला तिसऱ्या म्हैन्यात गेलं. आता सातवा लागलाय. घरात त्येच्याबद्दल कुणी मोठ्यानं बोलत न्हाय. बोललं तर ऐकू जाईल कुणाला तरी, असं वागतो आमी.

आता पुढचं ऐकून तुमी कानावर हात ठिवशीला. फॅक्टऱ्यांच्या वाटंला एक तिकाटणं हाय, तीन रस्ते एकाला एक मिळत्यात. अमावस्या झाली की सकाळी तितं उतारे पडल्याले असत्यात. दहीभात, लिंबं, कवा अंडं, नारळ. कुणावरनं तरी ओवाळून टाकल्यालं, म्हणून कुणी शिवत न्हाय. मोटारसायकलवाले वळसा घालून जात्यात. मी शिवते. चांगला कुजणारा माल हाय, तो काय म्हणून सोडायचा? भुताचं खाऊन झालं की उरल्यालं माझ्या वांग्याला. एक जण गाडी थांबवून ओरडला, "मावशी, बाधंल!" मी म्हणलं, "नवरा गेला, दात गेलं, आता बाधायला शिल्लक काय हाय रं?" फकस्त नारळ तेवढा उचलत न्हाय. त्यो जागच्या जागी ठिवते.

परवा अमावस्या झाली. काल सकाळी तितं एकच उतारा व्हता, फडक्यावर ठिवल्याला. भात आन लिंबू फडक्यासकट उचललं, नारळ ठिवला, घरी आले. ढिगात भात उपडा केला, लिंबू चिरून टाकलं, वर पाचट, वर पाणी, आन फावड्यानं खालवर केलं. मंग फडकं चांगलं दिसलं म्हणून झटकलं. कडंला शिवण व्हती आन टाका उलटा. मी डावरी, माझा टाका उलटाच पडतो, त्येच्यावरनं तुमी मला किती बोलला असशीला. माझ्याच जुन्या पातळाचं फडकं. मीच कड शिवून चपात्या गुंडाळायला सुनंला दिल्यालं. तवा डोक्यात उजेड पडला. परवा तिन्हीसांजंला ती म्हणली व्हती, "आई, जरा चालून येते, डॉक्टरनं सांगितलंय." हातात पिशवी व्हती. चालायला पिशवी कशाला, ह्ये मला तवा सुचलं न्हाय. शिकल्याली बाई, लाजली असंल मला सांगायला. आन तिनं स्वताच्या पोटावरनं उतरून लांब टाकलं, ते मी उचलून परत तिच्याच घरात आणलं, पाणी मारून कालवलं. आता त्या ढिगातनं कुठला भात येगळा काढू? हात घातला तर आतनं कढत लागतंय.

आता सांगते त्यातलं एक तुमाला ठावं न्हाय, आत्याबाई. माझं पहिलं बाळंतपण यायचं व्हतं, सातवाच म्हैना व्हता, आन आठ दिस ताप हटंना. तुमी मला उंबऱ्यात बसवलं, नारळ-भात ओवाळला आन शेळगावच्या तिकाटण्यावर ठिवून आला. दुसऱ्या दिशी ताप उतरला आन मला भूक लागली. मी पाटी घेऊन वाटंवरचं शेण गोळा करत चाललीया. तिकाटण्यावर भात कुत्र्यांनी खाल्लाय, नारळ तसाच हाय. आपल्या घरात नारळ यायचा सणाला, त्योबी वाटण्यात जायचा. मी इकडं बघते, तिकडं बघते, दगडावर आपटते आन उभ्या उभ्या सगळा खाते. करवंट्या शेणाखाली दडवून आणते आन उकिरड्यात खोल पुरते. लई गोड व्हता. तुमच्याम्होरं खोटं कशाला बोलू.

लेक झाली. अकरा दिस राह्यली. बारशाला एक दिस कमी पडला, म्हणून तिचं नाव ठिवायचं ऱ्हाऊनच गेलं. मी भितीकडं तोंड करून पडले व्हते. तुमी चुलीम्होरं बसून तुमच्या ल्योकाला म्हणला, "माझ्याच हातनं चुकलं रं. उतारा ठिवून येताना कुत्रं भुकलं आन मी मागं वळून बघितलं." मी ऐकलं. एक शबूद बोलले असते तर तुमी सुटला असता. न्हाय बोलले. तवापासनं तुमी त्या तिकाटण्यावरनं गेला न्हाईत. मळ्यात जायचं तर कॅनॉलवरनं, दुखऱ्या गुडघ्यानं, लांबचा फेरा घालून. आन मी काय करावं? मी चिडवायची, "आत्याबाई, कॅनॉलला मासं धरायला जाता का वो?" तुमी म्हणायचा, "व्हय, तुझ्या कालवणाला." पुढं नातू झाला, तुमच्या मांडीवर वाढला, तरी तुमची वाट बदलली न्हाय. शेवटच्या दुखण्यात जीपमधनं दवाखान्याला नेताना, तोंडातनं धड शबूद फुटत न्हवता, तरी तुमी म्हणला, "कॅनॉलवरनं घ्या." तुमचं डोकं माझ्या मांडीवर व्हतं. तवाबी बोलले न्हाय मी.

नारळ खाल्ल्यानं लेकरू जातं का? न्हाय जात. तापानं गेलं असंल, कशानं गेलं असंल, त्या टायमाला कोण बघत व्हतं. उन्हात बसून इचार केला की मला ह्ये पटतंय. पर तुमी वीस-पंचवीस वरसं जो फेरा घातला त्यो कशानं घातला, ते मला ठावं हाय, आन तिथं कुठलाबी डॉक्टर मला सोडवत न्हाय. आता ह्या पोरीला सांगावं, तर दोन म्हैनं भ्यानं तिचा डोळा लागायचा न्हाय. न सांगावं, आन देव न करो काय इपरीत झालं, तर लाजंपायी कुणाला न बोलता तीबी आपलंच काय चुकलं ते हुडकत बसंल जन्मभर. आन मी शेजारी बसून वांगी निवडीन.

आज तिला सुट्टी हाय. सकाळधरनं सांगायला तोंड उघडते आन "चहा घेतीस का" एवढंच भाईर पडतं. तिसऱ्या कपाला ती म्हणली, "आई, डॉक्टरनं चहा कमी करायला सांगितलाय. तुमाला काय बोलायचंय ते बोला की." मी म्हणलं, "वांग्याला फूल आलंय." आन हितं येऊन तुमाला लिवत बसले. तुमाला सांगणं सोपं हाय, तुमाला आता भ्या वाटायचं न्हाय. तुमाला सांगायला मी तुमी मरायची वाट बघितली, आत्याबाई. हिच्यासाठी तेवढी वाट बघून चालायचं न्हाय.

ते फडकं मी सकाळी धुतलं आन मागल्या दारी तारंवर वाळत घातलंय, कड वर करून, टाका दिसंल असं. चुकून न्हाय घातलं. तोंडानं सांगायचं धाडस मला तवाबी न्हवतं. आता ती कपडे काढायला निघालीया, चपला घालतीया.