मामूंच्या टीव्हीचा अंधार

पुणे

आदरणीय जाकीर मामूंना खुशनुमाचा मनापासून सलाम.

तुमचं पित्त, सुरैया मुमानींचे गुडघे आणि गाड्यावरची मोसंबी, सगळं ठीक असेल अशी आशा आहे. मुमानी फोनवर म्हणाल्या की हल्ली तुम्ही सारखे कशाला ना कशाला धडकता आणि शिव्या त्या वस्तूला घालता. (मागच्या आठवड्यात म्हणे विजेच्या खांबालाच विचारलंत, "रस्त्यात कामून उभा हायेस बे?") पण डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं तर बोलणं बंद, अशी तुमची ताकीद आहे. म्हणून आज फक्त माझ्या गेमबद्दल लिहिते.

आपल्या गेवराईच्या बाजारातून फळांचा गाडा ढकलत न्यायचा आणि गिऱ्हाइकं गाठायची, एवढाच तो गेम. पडद्याच्या चारी कडा मी काळवंडून ठेवल्या होत्या आणि मध्ये उजेड. आमच्या धंद्यात याला व्हिनेट म्हणतात. त्यानं खेळणाऱ्याची नजर मध्ये राहते, असं मी साहेबांना पटवून दिलं. खरं कारण त्यांना काय सांगू? तुमच्या तेव्हाच्या फळांच्या दुकानातल्या जुन्या टीव्हीच्या कडा अशाच काळ्या पडल्या होत्या. दिवाळीच्या सुट्टीत त्याला व्हिडिओ गेम जोडून तुम्ही सगळ्या गल्लीला खेळायला बसवायचात, आणि कोपऱ्यातल्या अंधारातून शत्रू निघाला की आमच्या आधी तुम्हीच ओरडायचात, "आला बग, डाव्या अंगानं!" मला अजून पिकल्या सीताफळाचा वास आला की बोटं बटणं शोधायला लागतात. फार सुखाचे दिवस होते ते, मामू.

तर गेम पाठवला आणि तुम्ही नव्या टीव्हीच्या कडा आधी ओल्या फडक्यानं पुसल्यात, मग लिंबाच्या पाण्यानं. मग मुजाहिद मेकॅनिकला बोलावलंत. (तो मोटारसायकली दुरुस्त करतो, हे तो बिचारा शेवटपर्यंत सांगत होता.) त्यानं टीव्हीच्या पाठीत धपका घातला आणि होता तो आवाजही गेला. वर मला फोन, "पोरी, लई अंधार हाय. गिऱ्हाईक दिसत न्हाई." हसून हसून माझी पुरेवाट झाली. मग गेम दुरुस्त करून पुन्हा पाठवला. टीव्हीसमोर हातभर अंतरावर बसून तुम्ही तो खेळलात आणि लगेच कळवलंत, "आता झ्याक हाय. कडंनी थोडा अंधार हाय तो ऱ्हाऊ दे, काडू नको. आपल्या जुन्या टीव्हीवानी वाटतं." फोन ठेवला आणि ऑफिसच्या जिन्यात बसून मी रडले.

मुमानींना सलाम, मुजाहिदभाईंना माझ्यातर्फे माफी.

तुमची लाडकी भाची,
खुशनुमा

ता. क. – दुरुस्त केलेल्या गेममधून कडेचा अंधार मी पूर्ण काढून टाकला होता. एक ठिपकासुद्धा ठेवला नव्हता. तुमचा फोन आल्यावर पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं.

ता. क. दुसरा – शनिवारी येते. अंबाजोगाईला डोळे दाखवायला जायचं आहे, मुमानींनी डबा करायचं कबूल केलंय. ताकीद मोडली म्हणून बोलायचं नसेल तर बोलू नका, गाडीत माझ्या शेजारी तोंड फुगवून बसा. पण बसा.